मूर्धन्य म्हणजे मेंदूचा नव्हे : देवळालीच्या 'ळ'ची गोष्ट

१/ डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातून गेला. १८६०च्या दशकात येथे ब्रिटिश फौजेची संक्रमण छावणी उभी राहिली. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे राहत.

२/ ही जहाजे हिवाळी हंगामातच सुटत. हंगाम हुकला की महिनोन्‌महिने रिकामपण, उकाडा आणि आजार. त्यातून ढासळणाऱ्या मनःस्थितीला सैनिक 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाच्या १९३६ सालच्या आठवणींत या छावणीचे वर्णन आहे.

३/ या प्रवासात 'ळ' मात्र गळून पडला. तो सावकाश उच्चारून पाहा. जिभेचे टोक मागे वळून टाळूच्या घुमटाला भिडते. या जागेला प्राचीन वैयाकरणांनी 'मूर्धा' म्हटले. म्हणून ट, ठ, ड, ढ, ण यांच्यासारखाच ळ हाही मूर्धन्य वर्ण.

४/ कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य या साऱ्या संज्ञा उच्चाराचे स्थान सांगतात. मूर्धन्यही तेच सांगते. परंतु मूर्धा म्हणजे मस्तकही. युरोपीय अभ्यासकांनी तोच अर्थ धरून 'सेरेब्रल', म्हणजे 'मेंदूचा', हा प्रतिशब्द रूढ केला. व्हिटनी यांनी १८७९च्या संस्कृत व्याकरणात त्याऐवजी 'लिंग्वल', म्हणजे 'जिव्हेचा', हा शब्द योजला. आजची संज्ञा 'रेट्रोफ्लेक्स', म्हणजे 'मागे वळलेला'.

५/ योगायोग असा की, ज्या वर्णाला पंडितांनी मेंदूशी जोडले, तोच वर्ण गमावून देवळालीचे नाव वेडाचे विशेषण झाले. दोन्ही चुकांचे मूळ एकच : समोरच्याच्या मुखाकडे लक्ष न देणे. त्यातही एकाकी सैनिकाचा दोष कमी. संज्ञेचा अर्थ लावणे हे काम पंडितांचे होते.

६/ आज 'डूलॅली' बदलता येणार नाही. तो इंग्रजीचा शब्द झाला आहे. परंतु हिंदीत सर्रास लिहिले जाणारे 'देवलाली' आपण निमूट स्वीकारावे, याला काहीच आधार नाही. लिपी देवनागरीच आहे आणि तिच्यात ळ आहे. तो ग्राम्यही नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात तो येतो. परक्या कानाला जे ऐकू आले नाही, ते आपल्या लेखणीने तरी गाळू नये.