कंबरदुखी, गुडघेदुखी आणि 'मशीन'

काजूचा हंगाम सरला की मिरग आणि मिरगामागून लावणी. बोंडू वेचून वाकलेली कंबर पुन्हा चिखलात वाकते. मग रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, पेडण्यात काय आणि डिचोलीत काय, एकच बोलणे ऐकू येते. कोणाची कंबर धरली, कोणाचा हात वर जात नाही, आणि कोणी म्हापशाला जाऊन 'मशीन लावून' आला. या मशीनविषयी आज दोन शब्द लिहावेत असे आम्हांला वाटले, कारण त्यापायी आमच्या ओळखीच्या एका घरात नको ते घडले.

त्या घरचा मुलगा बोटीवर कामाला. सुट्टीवर येताना त्याने आईच्या टाचदुखीसाठी अल्ट्रासाऊंडचे लहानसे यंत्र आणले. आईला मधुमेह, आणि पायांची जाणीव कमी झालेली. ती रोज यंत्राचे डोके टाचेवर एकाच जागी दाबून धरी. भाजल्याचे तिला कळलेच नाही. सुनेने पाहिले तेव्हा फोड फुटून जखम झाली होती, आणि ती भरून येईपर्यंत पावसाळा सरला. मुलाने आणले ते प्रेमानेच. त्याला दोष कसा द्यावा?

हे यंत्र आवाजाचेच काम करते, परंतु तो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला सुमारे 20 हजार कंपनांपर्यंत ऐकतो, तर हे यंत्र 10 लाख किंवा 30 लाख कंपने सोडते. 10 लाखांची कंपने तीन ते पाच सेंटीमीटर खोल जातात, 30 लाखांची वरच्यावर राहतात. हवेतून ती पुढे सरकत नाहीत, म्हणून कातडीवर जेल लावतात. आत गेल्यावर त्यांची उष्णता होते, हाडाजवळ अधिक. म्हणूनच डोके सतत फिरते ठेवावे लागते. आत किती तापले हे यंत्राला कळत नाही. 'चटका बसतो' असे रोग्याने सांगायचे, आणि चालवणाऱ्याने तत्काळ जोर कमी करायचा किंवा थांबायचे. ज्याच्या कातडीला जाणीवच नाही, मग ती मधुमेहाने गेलेली असो वा जुन्या कुष्ठरोगाने, तो काय सांगणार? (अशा पायांना गरम पाण्याची पिशवीदेखील लावू नये, हे ओघाने सांगून ठेवतो.)

गरोदर बाईच्या पोटावर, कमरेवर व ओटीपोटावर हे यंत्र मुळीच लावू नये. 'सोनोग्राफीही अल्ट्रासाऊंडच ना?' असे विचारतात. नाव एक, काम वेगळे. ते यंत्र पाहण्यासाठी असते, हे तापवण्यासाठी. कर्करोगाची गाठ, पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी, पू झालेली जागा, डोळा, पेसमेकर बसवलेली छाती, वाढत्या मुलांच्या हाडांची टोके, येथेही नको.

आता दुसरी बाजू. धोका टाळून लावले तरी उपयोग किती? खांद्यात चुना साठून दुखणाऱ्यांवर व्हिएन्नात 24 बैठकांचा प्रयोग झाला. तो 1999 साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला आराम पडला, परंतु नऊ महिन्यांनी दुखण्यात म्हणण्यासारखा फरक उरला नाही. कंबरदुखीसाठी तर अल्ट्रासाऊंड देऊ नये, व्यायाम शिकवावा, असे इंग्लंडच्या 2016 च्या अधिकृत मार्गदर्शनात म्हटले आहे. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की मशीन हा उपचाराचा फार तर जोडधंदा आहे. खरा उपचार म्हणजे तपासणी, व्यायाम आणि ओझे उचलण्याची बदललेली रीत.

यात आम्हां रोग्यांचाही दोष आहे. फिजिओथेरपिस्ट गुडघ्याचे व्यायाम शिकवू लागला की 'हे तर घरीही झाले असते, पैसे कसले?' असे आम्ही म्हणतो, आणि मशीन फिरवले की समाधानाने पैसे मोजतो. दहा बैठकांसाठी पेडण्याहून दहा वेळा बस आणि दहा दिवसांचा बुडालेला रोज, हा हिशेब कोणी मांडत नाही. व्यायाम नीट शिकून घेतला तर इतक्या फेऱ्या पडत नाहीत.

फिजिओथेरपी हा आता 2021 च्या केंद्रीय कायद्यात नोंदलेला व्यवसाय आहे. तेव्हा शिक्षण कोठे झाले हे विचारण्यात उद्धटपणा नाही. तपासल्याशिवाय थेट मशीन लावू पाहील त्याला 'आधी तपासा' म्हणावे. पायाला बधिरपणा आहे, दिवस गेले आहेत, पूर्वी गाठ काढली आहे, हे त्याने विचारले नाही तरी आपण सांगावे. एकदा कापसाचा बोळा आणि एकदा गरम-थंड पाण्याची नळी लावून जाणीव पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. आणि बोटीवरून किंवा गल्फमधून येणाऱ्या मुलांना घरच्यांनी आधीच कळवावे, की यंत्र आणू नकोस. त्या पैशांत आईला मऊ तळव्याची चप्पल आण.