सांगाडा कोणाचा, सत्ता कोणाची?

एखादी सहकारी पतसंस्था, नगरपालिका किंवा कामगार संघटना आपल्या सभासदांसाठी नवे वेब अ‍ॅप्लिकेशन सुरू करावयाचे ठरविते, तेव्हा उद्घाटनाची तारीख आणि प्रमुख पाहुणे यांवर कार्यकारिणीत तासन्‌तास खल होतो. ते कोणत्या फ्रेमवर्कवर उभारावयाचे हा प्रश्न मात्र ‘तांत्रिक बाब’ म्हणून कंत्राटदारावर सोपविला जातो. लोकशाहीचा संकोच असाच होत असतो. सत्तेचा प्रश्न तज्ज्ञतेचा वेष घेऊन येतो आणि सभा त्याला निमूटपणे मंजुरी देते.

फ्रेमवर्क म्हणजे अ‍ॅप्लिकेशनचा तयार सांगाडा. भिंतींचा रंग पुढे केव्हाही बदलता येतो. सांगाडा बदलणे म्हणजे घर पुन्हा बांधणे. म्हणूनच त्याची दोरी कोणाच्या हाती आहे, हे आधी विचारले पाहिजे.

अनुभव काय सांगतो? गूगलने २०१० साली पुढे आणलेल्या अँग्युलरजेएसवर असंख्य संस्थांनी आपली कामे उभारली. २०१६ मध्ये कंपनीने नवी आवृत्ती काढली. ती जुनीशी सुसंगत नव्हती. २०२१ च्या अखेरीस जुनीचा अधिकृत आधारही संपला. पुनर्बांधणीचा खर्च कंपनीने नव्हे, वापरणाऱ्यांनी सोसला. फेसबुकच्या रिअ‍ॅक्टची कथा याहून बोलकी आहे. कोड खुला होता, पण सोबत एक कलम होते: वापरणाऱ्याने फेसबुकवर पेटंटचा दावा लावला, तर त्याला दिलेला पेटंट-परवाना रद्द. जुलै २०१७ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत हा परवाना वर्ज्य ठरविला. सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसच्या धुरीणांनी रिअ‍ॅक्ट सोडण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्याच महिन्यात फेसबुकने ते कलम काढून एमआयटी परवाना स्वीकारला. भांडवलदाराचे दान बिनशर्त नसते, हा यातला पहिला धडा. आणि संघटित नकारापुढे बलाढ्य कंपनीलाही नमावे लागते, हा दुसरा.

‘जे लोकप्रिय ते घ्यावे; माणसे सहज मिळतात’, असा व्यवहारवाद्यांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु लोकप्रियता म्हणजे मालकी नव्हे, आणि पर्यायही कमी नाहीत. जँगो हे फ्रेमवर्क २००३ साली अमेरिकेतील लॉरेन्स गावच्या एका दैनिकाच्या कचेरीत आकाराला आले, २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले, आणि २००८ मध्ये त्याच्यासाठी ना-नफा प्रतिष्ठान स्थापन झाले. अशा साधनांत पान सर्व्हरवरच तयार करून पाठविता येते. याउलट, सारे काम ब्राउझरवर ढकलणारी जड रचना आपला भार सभासदाच्या स्वस्त मोबाइलवर आणि त्याच्या डेटाच्या पैशांवर टाकते. विकासकाची सोय आणि शेतमजुराचा खर्च, असा हा सरळ वर्गीय प्रश्न आहे.

मात्र ‘खुले’ म्हणजे ‘फुकट’ असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या साधनातील गंभीर त्रुटी उघड झाली, आणि जगभरच्या बड्या कंपन्या ज्यावर विसंबून होत्या ते साधन मूठभर स्वयंसेवक सांभाळत असल्याचे जगाला कळले. दुसऱ्याच्या विनामोबदला श्रमावर आपला इमला चढविणे हेही शोषणच. ते सहकारी संस्थेने केले म्हणून पुण्यकर्म होत नाही.

भारत सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण धोरणाचा कागद निविदेच्या टेबलावर आपोआप पोहोचत नसतो. तेथे तो सभासदांनीच पोहोचवावा लागतो. त्यांनी चार अटींचा आग्रह धरावा: फ्रेमवर्कचा परवाना सर्वसाधारण सभेपुढे मराठीत वाचून दाखवावा, कोडची व नोंदींची मालकी संस्थेकडेच राहावी, अ‍ॅप्लिकेशन स्वस्तातल्या फोनवर तपासल्याखेरीज उद्घाटन होऊ नये, आणि देखभालीच्या तरतुदीतील काही वाटा फ्रेमवर्क जपणाऱ्यांना द्यावा.

गिरणीत यंत्र कोणाचे, हा प्रश्न कामगाराने विचारला तेव्हा त्याला अडाणी म्हटले गेले होते. आज तोच प्रश्न सॉफ्टवेअरविषयी विचारणाऱ्याला तेच ऐकावे लागेल. त्याने तरीही तो विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत ठरावावर सही करू नये.