रंगवण्याआधी ठरवा, हे धान्य पुढे कुठे जाणार

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसेल. मग गौरी-गणपती, भुलाबाई, नवरात्र, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर या पट्ट्यात सजावट आणि रुखवताची कामे करणाऱ्या आपल्या वाचकांच्या वह्या आता भरू लागतील. त्या कामांत रंगीत तांदूळ, रवा, साबुदाणा, शेवया यांचा वाटा वाढला आहे. पाटाभोवतीच्या महिरपीत, चौरंगावरच्या स्वस्तिकात, जेवणाच्या टेबलावर समईखाली, बुफेच्या काउंटरवर काचेच्या बरण्यांत थरावर थर, असे सगळीकडे रंगीत धान्य दिसते. ही सजावट सोपी आहे, स्वस्त आहे आणि ऐन वेळी तासाभरात उभी राहते. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. आमचे सांगणे एवढेच आहे की धान्याला रंग लावण्याआधी ते सजावटीनंतर कुठे जाणार हे ठरवावे, आणि त्यावरून रंग निवडावा.

आज क्रम उलटा आहे. बाजारात जो झगझगीत रंग मिळेल तो आधी आणला जातो. होळीचा किंवा रांगोळीचा सुटा रंग पाण्यात कालवून तांदळाला चोळला की काम झाले असे मानले जाते. कार्यक्रम संपल्यावर तेच तांदूळ झाडून गाईपुढे टाकले जातात, गच्चीवर चिमण्यांसाठी पसरले जातात, नाहीतर निर्माल्याबरोबर बोरी नदीत जातात. लहान मुले तर तेवढीही वाट पाहत नाहीत. टेबलावरची गुलाबी शेवई उचलून तोंडात घालायला त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

सुट्या गुलाबी रंगात ऱ्होडामिन बी असू शकते आणि पिवळ्यात मेटॅनिल यलो. दोन्ही कापड-कागदाच्या धंद्यातले रंग आहेत आणि खाद्यपदार्थांत त्यांना मनाई आहे. याच ऱ्होडामिन बीमुळे तामिळनाडूने २०२४ मध्ये ‘बुढ्ढी के बाल’ या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या देशात खाण्यासाठी मोजके ८ कृत्रिम रंग मान्य आहेत. तेही नेमून दिलेल्या पदार्थांतच चालतात, आणि बहुतेक ठिकाणी मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅमची. ‘खाण्याचा रंग आहे, कितीही घाला’ हे म्हणणे म्हणूनच चुकीचे. रुखवतातल्या लाल-हिरव्या कुरडया आपण शोभेच्या म्हणून मांडतो, पण त्या शेवटी सासरच्या कढईत तळल्या जातात. त्यांना रंग देऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खाण्याच्या वस्तूला रंग देणे ही किती जोखमीची गोष्ट आहे, याचा एक धडा आपल्याच गावाशी जोडलेला आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिने अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना घातला. आजची विप्रो ती हीच. त्या काळात देशभर मोठा वाद चालू होता: वनस्पती तूप साजूक तुपात मिसळून विकले जाते, तेव्हा ते ओळखू यावे म्हणून त्याला सक्तीने रंग द्यावा. रंगांचा शोध घेतला गेला. पण खायला निर्धोक, तापवल्यावर टिकणारा आणि भेसळ करणाऱ्याला सहज काढता न येणारा असा रंग काही हाती लागला नाही. शेवटी वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचा नियम झाला, कारण बोदुआँ चाचणीत ते लगेच ओळखता येते. देशातल्या प्रयोगशाळांना जो रंग सहजी सापडला नाही, तो कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सुट्या पुडीत असेल असे आपण धरून चालतो, हे बरे नव्हे.

मुळात प्रत्येक धान्य रंगवायलाच हवे का? आपल्याकडच्या ग्रहशांतीत नवग्रहांची मांडणी पाहा. सूर्याला गहू, चंद्राला तांदूळ, मंगळाला मसूर, बुधाला मूग, गुरूला हरभरा, शुक्राला पावटा, शनीला तीळ, राहूला उडीद, केतूला कुळीथ. (काही ठिकाणी मंगळाला तूर ठेवतात, अमळनेरच्या मंगळ ग्रह मंदिरात येणाऱ्यांना हे सांगायला नको.) चौरंगावर नऊ रंग उतरतात आणि एकाही दाण्याला रंगाचा थेंब लागलेला नसतो. मांडणी उतरली की सारे धान्य दानात जाते आणि शिजते. आपल्या व्यवसायाला याहून चांगला वस्तुपाठ नाही. पांढऱ्यासाठी तांदूळ कशाला, आपल्याकडे टपोरी दादर ज्वारी आहे. तिचा दाणा समईच्या उजेडात मोत्यासारखा दिसतो. केशरीसाठी मसूर डाळ, पिवळ्यासाठी हरभऱ्याची डाळ, हिरव्यासाठी मूग, काळ्यासाठी उडीद, राखाडीसाठी बाजरी, तपकिरीसाठी जवस. गुलाबी, निळा आणि जांभळा एवढेच रंग आपल्या शेतात दाण्यावर सहसा मिळत नाहीत. रंगवायचे तर तेवढेच रंगवा.

त्यासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. अख्ख्या तांदळापेक्षा कणी घ्यावी. ती स्वस्त पडते आणि बारीक नक्षीत चांगली बसते. वाटीभर कणीला चमचाभर व्हिनेगर आणि दोन चमचे घट्ट बिटाचा रस, झाकणाच्या डब्यात घालून हलवावे, मग पंख्याखाली सुती कापडावर पातळ पसरावे. पाणी जास्त झाले की पिठूळपणा सुटतो, दाणे चिकटतात आणि श्रावणातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. वर्तमानपत्रावर वाळवू नये, शाई लागते. बिटाचा गुलाबी व्हिनेगरमुळे खुलतो. गोकर्णाच्या फुलांचा निळा मात्र आंबट लागताच जांभळा होतो. म्हणजे एकाच फुलातून दोन रंग मिळतात, निळा हवा तिथे व्हिनेगर टाळायचे. हळदीला चुन्याची निवळी लावली की लाल येतो. केरळात देवळांतून काढतात त्या कळमेळुत्तू चित्रांतला लाल याच जोडीचा, आणि त्यांचा पांढरा तांदळाच्या पिठाचा. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर ती वापरू नये. पालकाच्या रसाच्या नादी लागू नका, तो दोन दिवसांत खाकी पडतो. मूग आहेत ना. साबुदाण्याला पाणी लागले की तो फुगतो, तेव्हा तो पांढराच ठेवावा. रंगीत मिठाचे थर बरणीत देखणे दिसतात खरे, पण पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते आणि रंग एकमेकांत उतरतात. ते काम दिवाळीनंतरचे.

असे रंगवलेले धान्य नंतर पाखरांना किंवा गुरांना घालता येते. चुना लागलेले तेवढे वेगळे काढून खतात टाकावे. बाजारचा खाण्याचा रंग वापरलाच, तर पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहूनच घ्यावा, आणि ते धान्य कडुनिंबाचा वाळला पाला घालून हवाबंद डब्यात पुढच्या कामासाठी ठेवावे. कोरड्या जागी ते अनेक महिने टिकते. नैवेद्याच्या ताटाला किंवा कानबाईच्या रोटांना रंगीत दाणा लागू देऊ नये. दोहोंमध्ये केळीचे पान घालावे, आणि जळगाव जिल्ह्यात त्याचा तुटवडा नाही.

राहिला प्रश्न पैशांचा. कार्यक्रमानंतर धान्य गोळा करायला माणूस लागतो आणि यजमान त्याचे पैसे देत नाहीत, ही अडचण खरी आहे. पण आपण कामाचा अंदाज देताना ती बाब कधी लिहितच नाही. पाकळ्या टाकू, अक्षता नको, असे अनेक घरे आता लग्नपत्रिकेवरच छापतात. धान्य पायदळी येऊ नये, ही त्यांची इच्छा आहे. अशा यजमानाला ‘सजावटीचे धान्य वेचून परत देऊ किंवा गोशाळेत पोचवू, त्याचे इतके’ अशी एक ओळ अंदाजपत्रकात दिसली, तर तो नाही म्हणेल असे आम्हाला वाटत नाही. या श्रावणातल्या पहिल्या कामापासून ती ओळ लिहा, आणि यजमानांनी तिचे काय केले ते आम्हाला कळवा. उत्तरे आश्विनच्या अंकात छापू.