गोळी घेतली, रक्तही दिसलं. म्हणजे गर्भ राहिला नाही असं समजायचं का?

तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली. पाच-सहा दिवसांनी थोडं रक्त दिसलं. कुणी ‘पाळी आली’ म्हणून निश्चिंत होतं, तर कुणी घाबरून आणखी एक गोळी घेतं. या दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरू शकतात.

आयपिल, अनवाँटेड-७२ अशा नावांनी मिळणाऱ्या या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असतं. ती मुख्यतः बीजांड बाहेर पडणं लांबवते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर घ्याल तितकी बरी. संप्रेरकाचा मोठा डोस एकदम शरीरात गेल्याने अधेमधे डाग पडू शकतात, पुढची पाळीही काही दिवस मागेपुढे होते. त्यामुळे रक्त दिसलं म्हणजे गोळी लागू पडली असं नाही, आणि नाही दिसलं म्हणजे फसली असंही नाही. गर्भ राहिल्यावरही सुरुवातीला डाग दिसू शकतात.

खरं उत्तर देते ती प्रेग्नन्सी टेस्ट. पाळी आठवड्याहून जास्त लांबली किंवा संबंधाला तीन आठवडे झाले की ती करायची. सरकारी ‘निश्चय’ किट आशाताईंकडेही मिळतं. मात्र पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, किंवा तासाला दोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव असेल तर टेस्टची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. गर्भ नलिकेत वाढत असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

मग विचारत का नाहीत?

गावातला मेडिकलवाला ओळखीचा असतो, हे एक कारण. दुसरं कारण खान्देशात जास्त जाणवतं. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे फक्त ८४२ मुली होत्या. २०१२ मध्ये परळीचं गर्भपात प्रकरण गाजलं. त्याच काळात अन्न व औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर राज्यभर कारवाई केली आणि अनेक दुकानदारांनी त्या ठेवणंच बंद केलं. खरं तर त्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच वापरतात, आणि सोनोग्राफीत लिंग कळतं ते त्यानंतर.

तातडीची गोळी तर या प्रकारात मोडतच नाही. गर्भ आधीच राहिला असेल तर ती तो पाडत नाही. २००५ पासून ती चिठ्ठीशिवाय मिळते. सप्टेंबर २०२४ मध्ये हे बंद होणार अशा बातम्या आल्या होत्या, पण नियम बदललेला नसल्याचं आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केलं. तरी लोकांच्या बोलण्यात दोन्ही गोळ्या एकच, ‘ती गोळी’!

डागाला पाळी समजलं तर?

इथे हिशेब बिघडतो. गर्भाचे आठवडे शेवटच्या खऱ्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. डागालाच पाळी धरून पुढच्या महिन्याची वाट पाहिली, तीही आठवडाभर लांबली, की टेस्ट करेपर्यंत साधारण आठ आठवडे झालेले असतात. गोळ्यांनी गर्भपात करायला मग जेमतेम आठवडा उरतो. साक्री किंवा चोपड्याकडच्या गावातून शहरात यायचं, घरी कारण सांगायचं, सोनोग्राफी करायची, सगळं तेवढ्यातच.

नऊ आठवडे उलटले तरी कायद्याची वाट बंद होत नाही. कायद्याच्या अटींत बसत असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बाई १८ वर्षांवरची असेल तर संमती फक्त तिची लागते, नवऱ्याची नाही. २०२१च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहितेलाही लागू केलं. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. सरकारी रुग्णालयांना यासाठी वेगळी मान्यता लागत नाही. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना शेवटच्या खऱ्या पाळीची, गोळी घेतल्याची आणि डाग दिसल्याची, अशा तिन्ही तारखा लिहून न्याव्यात. डॉक्टर आधी त्याच विचारतात.