दुकानात अडवलेलं मूल आणि त्याचे हक्क



आज जरा अवघड विषय मांडते आहे. 'चोरी करू नये' हे आपण मुलांना पहिलीपासून शिकवतो, आणि ते शिकवायलाच हवं. पण दुकानात चोरीचा आळ आला, कोणी हात धरून अडवलं, तर काय करायचं? हे आपण कधीच शिकवत नाही. खरं सांगायचं तर मलाही ते माहीत नव्हतं. म्हणून आधी माझीच चूक सांगते.

माझ्या वर्गातला मुलगा

सातवीतला मुलगा. वय बारा पूर्ण. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई चार घरची धुणीभांडी करते. त्याचं नाव इथे लिहिणार नाही. का लिहिणार नाही, ते पुढे येईलच.

एका संध्याकाळी गावातल्या एका मोठ्या दुकानात त्याने चाळीस रुपयांचं चॉकलेट खिशात घातलं. दाराशी नोकराने पकडलं. मागच्या गोदामात नेऊन बसवलं. साडेपाच ते आठ, तब्बल अडीच तास. खिसे आणि दप्तर उलटं केलं, दोन थपडा दिल्या, 'मी चोर आहे, पुन्हा चोरी करणार नाही' असं वहीच्या कागदावर लिहून सही घेतली. आठ वाजता वडिलांना बोलावून पाचशे रुपये 'दंड' घेतला. वडिलांनीही सगळ्यांसमोर त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवलेला होता.

मला हे सकाळीच कळलं. मी काय केलं? परिपाठात प्रामाणिकपणावर एक बोधकथा सांगितली. नाव घेतलं नाही. पण सगळ्या वर्गाच्या माना एकाच बाकाकडे वळल्या. मला वाटलं, मी संस्कार केले. दुसऱ्या दिवसापासून पोरगं शाळेत येईना.

आठवड्याने घरी गेले. बराच वेळ तो बोललाच नाही. मग खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मी घेतलं होतं. पण मी परत देतो म्हणालो होतो."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्याने चूक केली होती आणि तो ती कबूलही करत होता. मग पुढचे अडीच तास कशासाठी होते?

कायदा काय सांगतो?

मी वकील नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. पण त्यानंतर मी कायद्याची पुस्तकं उघडली, ओळखीच्या वकीलताईंना विचारलं. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं सांगते.

दुकानदाराला थांबवून विचारायचा, वस्तू परत मागायचा, पालकांना किंवा पोलिसांना बोलवायचा हक्क आहे. शिक्षा करायचा हक्क नाही. सामान्य नागरिकाने कुणाला पकडण्याबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० आहे. त्यानुसार आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तरच पकडता येतं. आणि पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. सहा तास ही कोंडून ठेवायची मुभा नाही, ती उशिराची शेवटची मर्यादा आहे.

आता गंमत बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू परत केलेली असेल, तर मोठ्या माणसालाही शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली आहे. असा प्रकार अदखलपात्र आणि जामीनपात्र धरला आहे. मग चाळीस रुपयांच्या चॉकलेटसाठी एका मुलाला गोदामात बसवून ठेवायचा अधिकार कुठून आला?

उलट बेकायदा कोंडून ठेवणं हा त्याच संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. मारणं हा गुन्हा आहे. धाक दाखवून पैसे उकळणं हाही गुन्हा होऊ शकतो. 'चोरी केल्यास दहापट दंड' अशा पाट्या आपण बघतो. दंड ठोठावायचं काम न्यायालयाचं आहे, गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं नाही.

मूल अठरा वर्षांखालचं असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयात, मुलाला आपण काय करतोय याची पुरेशी समज नसेल, तर तोही गुन्हा नाही. त्यापुढच्या मुलांनाही पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं, पालकांना कळवावं लागतं आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांप्रमाणे अशा किरकोळ प्रकरणात एफआयआर होत नाही, फक्त स्टेशन डायरीत नोंद होते. बेड्या घालता येत नाहीत, गुन्हा कबूल कर म्हणून जबरदस्ती करता येत नाही आणि मुलाची कोणत्याही जबाबावर सही घेता येत नाही.

म्हणजे जे पोलिसांनासुद्धा करता येत नाही, ते गोदामात सर्रास चालतं!

फोटोचंही तसंच. चौकशी किंवा तपास चालू असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो जाहीर करायला कलम ७४ ची मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याची तक्रार झाली त्याचा फोटो छापता येत नाही, तर ज्याची तक्रारच झाली नाही त्याचा भिंतीवर कसा लावता येईल?

"सोडून दिलं तर सोकावतात"

दुकानदारांची बाजूही खरी आहे. चार-दोन टक्क्यांच्या नफ्यावर धंदा करणाऱ्याला रोजची उचलेगिरी परवडत नाही. मी मुख्याध्यापकांबरोबर त्या दुकानात गेले, तेव्हा मालक हेच म्हणाले, "मॅडम, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

मला पटतं. पण सोकावतो तो फक्त लहान चोर नाही. हात उगारणारा मोठा माणूसही सोकावतो. मे २०१७ मध्ये उल्हासनगरात आठ-नऊ वर्षांच्या दोन मुलांनी चकलीचं पाकीट घेतलं म्हणून त्यांचे केस कापले, गळ्यात चपलांची माळ घातली, अंगावरचे कपडे काढून त्यांना फिरवलं आणि व्हिडिओही काढला. दुकानदाराला आणि त्याच्या मुलांना अटक झाली. पण त्या दोन लेकरांचा तो दिवस कोण परत आणणार?

गांधीजींनी आत्मचरित्रात आपल्या चोरीची गोष्ट सांगितली आहे. पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं. मग स्वतःहून चिठ्ठी लिहून वडिलांच्या हातात दिली, शिक्षाही मागितली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली. कबुलीजबाब तोही होता आणि आमच्या पोराने गोदामात लिहिलेला कागदही. एकाने माणूस घडला. दुसऱ्याने पोरगं शाळेतून गेलं.

मुलांना काय शिकवूया?

मी आता वर्गात हे प्रसंगनाट्य करून घेते. एक मूल दुकानदार, एक गिऱ्हाईक. शिकवायच्या गोष्टी इतक्याच:

१. पळायचं नाही, झटापट करायची नाही, शिव्या द्यायच्या नाहीत.

२. आतल्या खोलीत जायचं नाही. "मी इथेच थांबतो" म्हणायचं. चार माणसं आणि कॅमेरा जिथे आहे तिथेच थांबायचं.

३. "माझ्या आईबाबांना बोलवा, नाहीतर पोलिसांना बोलवा." हे वाक्य पाठ हवं.

४. आईबाबा येईपर्यंत काही लिहून द्यायचं नाही, सही करायची नाही.

५. अंगाची झडती कोणाला घेऊ द्यायची नाही. मुलींनी तर ठणकावून सांगायचं. कायद्यातही स्त्रीची झडती फक्त स्त्रीनेच, शालीनता राखून घ्यायची असते.

६. वस्तू घेतली असेल तर खोटं बोलायचं नाही. परत द्यायची आणि आईबाबांना खरं सांगायचं.

७. भीती वाटली तर १०९८ (बाल मदत क्रमांक) किंवा ११२.

हे शिकवताना एक लक्षात आलं. सातवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना आईचा किंवा वडिलांचा नंबर पाठच नव्हता! पाढे पाठ, नंबर नाही. तुमच्या वर्गात उद्याच विचारून बघा.

आणि पालकांनो, तुम्ही?

फोन आला तर आधी तिथे पोहोचा. चारचौघांत मुलावर हात उचलू नका. आधी त्याचं ऐका. कॅमेऱ्याचं चित्रण दाखवा म्हणा. वस्तू घेतली असेल तर तिची किंमत द्या, पावती घ्या, आणि मुलालाच माफी मागू द्या. दंड मागितला तर शांतपणे सांगा, "तक्रार करायची तर पोलिसांकडे करा, आम्ही येतो." वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते. रागवायचं ते घरी रागवा. घरचं रागावणं मूल विसरतं, दुकानातलं नाही.

काही पालक म्हणतील, हक्क सांगितले की मुलं शेफारतील. पण हक्क फक्त निरपराध मुलासाठी नसतो. चुकलेल्या मुलाला तर त्याची जास्त गरज असते, कारण त्या वेळी त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं.

त्या मालकांनी कुरकुरत का होईना, फोटो काढला. मुलगा पुन्हा शाळेत येऊ लागला. मी त्याची माफी मागितली, एकट्याची, वर्गाबाहेर. तो फक्त "हां मॅडम" म्हणाला. अजूनही घरी जाताना तो त्या दुकानाचा रस्ता टाळून मागच्या गल्लीने जातो. मी ते रोज शाळेच्या फाटकातून बघते.