खर्च कमी, पण कोणाच्या जिवावर?

"आपणही एक छोटी फिल्म करू या." गेल्या काही वर्षांत आपल्या गटांमधून हे वाक्य वारंवार ऐकू येते. पूर्वी "पथनाट्य बसवू या" म्हणायचो, तितक्याच सहजपणे. ते स्वाभाविकही आहे. कॅमेरा प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये आहे, संकलन जमणारी एखादी मुलगी गटात असते, आणि दहा मिनिटांच्या लघुपटानंतर वस्तीतल्या बैठकीत जी चर्चा रंगते ती तासाभराच्या भाषणाने रंगत नाही. या उन्हाळ्यात आमच्या गटानेही असा एक लघुपट केला. विषय होता घरकाम करणाऱ्या बाईच्या पगारावर हक्क कोणाचा. हाताशी पैसे होते पंचवीस हजार. चित्रीकरण झाले दोन दिवस. पण त्याआधीच्या महिनाभरात, तालमी आणि नियोजन करताना, आम्ही ज्या चुका केल्या त्या तुमच्यापुढे मांडाव्यात असे वाटले.

पहिले अंदाजपत्रक आम्ही मोठ्या उत्साहाने केले. दिवे, माइक, जेवण, रिक्षा आणि वस्ती वरून दिसावी म्हणून तासाभरासाठी ड्रोन. तालमींसमोर आकडा होता शून्य. तो कोणालाच खटकला नाही. आपल्याच तर बायका आहेत, असे आम्ही गृहीत धरले. तालमीची वेळ ठरली संध्याकाळी सहा ते आठ, कारण ती आम्हा कार्यकर्त्यांच्या सोयीची. काम करणाऱ्या सहाजणींपैकी चौघी घरकामगार. त्यांच्या संध्याकाळच्या कामाची आणि घरच्या स्वयंपाकाची वेळ नेमकी तीच. तिसऱ्या तालमीला दोघी आल्या नाहीत, तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "बांधिलकीच नाही!" नंतर कळले की पहिल्या दोन तालमींचा एकीचा खाडा धरला गेला होता आणि दुसरीने कामावर बदली बाई पदरमोड करून ठेवली होती. ज्या विषयावर आम्ही लघुपट करत होतो, तो प्रश्न आम्हीच त्यांच्यापुढे उभा केला होता.

सिनेमाच्या धंद्यात ही सवय जुनी आहे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. दादासाहेब फाळक्यांचे नाव आपण सगळ्या जाणतो. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी त्या चित्रपटासाठी दागिने मोडायला दिले, फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम शिकून घेतले, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला. त्या चित्रपटात तारामतीचे काम मात्र साळुंके नावाच्या पुरुषाने केले. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागचा खर्च भागवायला होती. कमी खर्चातली निर्मिती म्हटली की तो खर्च नाहीसा होत नाही. बहुतेक वेळा तो एखाद्या बाईच्या खात्यावर टाकलेला असतो.

दुसरी वाटही आपल्याकडे आहे. १९८० साली दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'युगांतर' हा गट सुरू केला. पुण्यातल्या घरकामगारांच्या लढ्यावर 'मोलकरीण' आणि निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवरचा लघुपट त्यांनी त्या त्या बायकांबरोबर बसून केला. १९८३ साली हैदराबादच्या 'स्त्री शक्ती संघटने'बरोबर घरातल्या हिंसेवर केलेला 'इदी कथा मात्रमेना' तर गटातल्या चर्चांमधूनच घडला. संघटनेतल्या बायकांनीच त्यात कामे केली. पैसा त्यांच्याकडेही नव्हता. पण चर्चा आणि तालीम हाच तिथे निर्मितीचा गाभा होता.

हे सगळे आम्हाला माहीत होते. तरीही चौथ्या तालमीला घडायचे ते घडलेच. प्रसंग होता नवरा पगार हिसकावून घेतो आणि हात उगारतो, इतकाच. नवऱ्याचे काम करणाऱ्या कॉलेजमधल्या मुलाने हात वर केला आणि आमची मैत्रीण भिंतीला टेकून, दोन्ही कोपर डोक्यावर घेऊन खाली बसली. आम्ही टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणाले, "अगदी खरे वाटले!" ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ताई, हे मला शिकवायला लागत नाही." दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्ही दोन वर्षे हेच शिकलो होतो, की माणसाची जखम उघडायची तर ती बांधायची तयारी आधी हवी. कॅमेऱ्याच्या घाईत मीच ते विसरले. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. तिने काम सोडले नव्हते. तिचे म्हणणे वेगळेच होते. "मार कशाला दाखवता? तो सगळ्यांनी बघितलाय. मारून झाल्यावर मी उरलेले पैसे कुठे लपवते ते दाखवा." त्या रात्री संहिता बदलली. आता लघुपटात हात उगारला जाताच दृश्य तुटते. पुढच्या दृश्यात ती तांदळाच्या डब्यात तळापर्यंत हात घालते.

यावर गटात वाद झाला. एका ज्येष्ठ मैत्रिणीचे म्हणणे, मार झाकला तर प्रेक्षक पुरुषाला सुटल्यासारखे वाटेल. तिचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. पण मार दाखवायचाच असेल तर तो कोणी आणि किती वेळा सोसायचा हे दिग्दर्शिकेने एकटीने ठरवू नये, यावर आमचे एकमत झाले.

त्यानंतर नियोजन पुन्हा पहिल्यापासून केले. ड्रोन आणि भाड्याचे दिवे रद्द केले. वस्ती वरून बघणारे आपण कोण? त्यातून वाचलेल्या सहा हजारांत सहाजणींना पाच तालमींचे प्रत्येकी दोनशे रुपये दिले. त्यात आधीच्या तालमीही धरल्या. तालीम दुपारी, दोन कामांच्या मधल्या वेळात ठेवली. मुले सांभाळायला पाळीपाळीने एक कार्यकर्ती. खोलीच्या मापाची चौकट खडूने आखून त्यातच हालचाली बसवल्या आणि मोबाइलवर चित्रित करून सगळ्यांनी मिळून पाहिल्या. चित्रीकरणाच्या जागी त्याच वेळेला आधी जाऊन बसलो, तेव्हा कळले की सात वाजता नळाला पाणी येते आणि हंड्यांच्या आवाजात एकही संवाद ऐकू येणार नाही. म्हणून संवादाची दृश्ये साडेआठनंतर ठेवली आणि पाण्याचे दृश्य सातला. "थांब" हा शब्द कोणीही उच्चारला की सगळे थांबायचे आणि कारण विचारायचे नाही, असे ठरले. या तयारीमुळे तीन दिवसांचे चित्रीकरण दोन दिवसांत आटोपले. तालमीवरचा खर्च अशा रीतीने वसूलही होतो.

संमतीपत्र आम्ही मोठ्याने वाचून दाखवले. लघुपट कुठे दाखवणार, समाजमाध्यमांवर टाकणार का, नंतर एखादीला नको वाटले तर काय, हे सगळे त्यात आहे. कहाणी लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची असेल तर आणखी जपायला हवे. तिची ओळख उघड करणे पूर्वी भारतीय दंडविधानाच्या कलम २२८-अ नुसार गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती तरतूद कलम ७२ मध्ये आहे. नाव बदलले तरी घर, गल्ली, आवाज यांवरून ओळख पटते.

आणखी एक. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दलचा हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रीकरणाच्या जागी स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, अशा तक्रारी त्यात आहेत. आपल्या दोन दिवसांच्या कामात तरी यादीतली पहिली ओळ ती असू द्या. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मानधन न घेता काम करणारीही येते. दहापेक्षा कमी माणसे असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे पहिल्याच तालमीला सगळ्यांना सांगा, पुरुष कलाकारांनाही.

मैत्रिणींनो, लघुपट जरूर करा. अंदाजपत्रक मांडताना मात्र प्रत्येक शून्यापुढे थांबून विचारा, हे शून्य कोण भरते आहे? उत्तर देणारी बाई बहुधा त्याच खोलीत बसलेली असते. तुमच्या गटांनी या अडचणी कशा सोडवल्या, कुठे फसलात, ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवत आहोत.

– संपादक मंडळाकरिता