गॅरेजातल्या गप्पा : केबलचा झोल



गवत कापायच्या मशीनवरचा मागचा लेख वाचून तिघांचे फोन आले. दोघांची मशीनं सुरू झाली, तिसऱ्यांनी सरळ नवीन आणलं. तीनात दोन म्हणजे निकाल काही वाईट नाही. या खेपेला मात्र दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःची फजिती सांगायची आहे. सांगावी की नाही, याचा आठवडाभर विचार केला. सौ. म्हणाली, "अहो, लोकांच्या चुका दर अंकात लिहिता, एकदा स्वतःची लिहा की!" तेव्हा लिहितो.

गोष्ट सुरू होते सोऱ्यापासून. माझ्या आईचा जुना पितळी सोऱ्या आमच्याबरोबर बॅगेतून इकडे आला. दर दिवाळीला मंडळाच्या फराळाची शेव त्यातूनच निघते. गेल्या वर्षी त्याची शेवेची चकती मधोमध चिरली. बाजारात नवे सोऱ्ये मिळतात, पण त्यांच्या चकत्या या जुन्या नळीत बसत नाहीत. सौ.नं चकतीचे दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "एवढं मोठं मशीन आणलंय ना, मग करा."

आता मशीनची कथा. निवृत्तीनंतर मी एक जुनं मिलिंग मशीन विकत घेतलं. विकणारे गृहस्थ ब्लॅक कंट्रीतले, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आयुष्यभर टूलमेकर. घर विकून वृद्धाश्रमात राहायला निघाले होते, म्हणून मशीन काढलं. त्यावर डिजिटल रीडआउट बसवलेला होता, म्हणजे टेबल किती सरकलं ते लाल आकड्यांत दाखवणारी पेटी. वर्कशॉपमध्ये तिला सगळे डी.आर.ओ. म्हणतात.

खरं सांगतो, चाळीस वर्षं मी या पेटीची थट्टा केली. मी शिकलो तो लेथ हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करांचा. हा कारखाना १९४१ साली उभा राहिला आणि आमच्या पिढीतल्या किती पोरांचे हात त्याच्या लेथवर बसले याची गणती नाही. आमचे मिस्त्री इंचाचे आठ सूत बोटांवर मोजायचे आणि हँडलवरच्या रेघा बघून थाऊचं काम करायचे. आकडे दाखवणारी पेटी म्हणजे आम्हाला कुबडी वाटायची. पण दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्याच्या पडद्याची झीज होते आहे. मधोमध बघितलं की धुरकट दिसतं. हँडलवरच्या रेघा आता भिंगातूनही नीट लागत नाहीत. लाल आकडे मात्र अजून दिसतात. ती पेटी चालली तर माझं काम चालणार, नाहीतर मशीनवर पांघरूण घालून टीव्हीपुढे बसायचं. कुबडीची थट्टा कोणी करू नये, एवढंच यातून शिकलो.

चकतीचं काम सोपं होतं. पितळेचा गोल तुकडा कापला, व्हाइसमध्ये धरला. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ३६ मिलिमीटर, त्यावर सारख्या अंतराची १२ भोकं. अशी वर्तुळावरची भोकं कुठे येतील त्याचा हिशेब डी.आर.ओ. स्वतःच करतो, आपण फक्त आकडा शून्यावर आणायचा आणि ड्रिल खाली घ्यायचं. शेजारच्या दोन भोकांत ९.३२ मिलिमीटर अंतर यायला हवं होतं. पहिली काही भोकं सुरेख पडली. पुढची सरकत गेली. वर्तुळ मिटायच्या जागी शेवटचं भोक भलतीकडेच! सौ.नं चकती उजेडात धरली आणि एकच शब्द बोलली, "रांगोळी."

मग मी जे केलं त्याची लाज वाटते. म्हाताऱ्या गृहस्थांना फोन लावला आणि चांगलाच तापलो. बिघडलेली वस्तू माझ्या गळ्यात मारली, असं स्पष्ट बोललो. ते शांतपणे म्हणाले की त्यांच्याकडे मशीन कधी चुकलं नाही, आणि विचारलं, "केबलचा झोल तसाच ठेवलास ना?" मी म्हटलं, विषय बदलू नका, आणि फोन ठेवला.

आता तपासणीकडे वळू. ज्यांच्याकडे असं मशीन नाही त्यांनीही वाचावं, कारण ही पद्धत रेडिओपासून वॉशिंग मशीनपर्यंत कुठेही चालते.

पहिला प्रश्न असा की दोष पेटीत आहे की पट्टीत? टेबलाच्या दोन दिशांना दोन पट्ट्या असतात. डावी-उजवी ती एक्स, पुढे-मागे ती वाय. प्रत्येकीची केबल पेटीच्या मागे लागते. पेटी बंद करून (चालू असताना प्लग कधीही ओढू नये) मी दोन्ही प्लग अदलाबदल केले. पेटी बिघडली असती तर दोष एक्सच्या आकड्यातच राहिला असता. तो प्लगबरोबर वायच्या आकड्यात गेला. म्हणजे पेटी निर्दोष. पाच मिनिटांत अर्धी शंका मिटली, आणि शंभर-दीडशे पौंडांची नवी पेटी मागवायची वाचली.

दुसरा प्रश्न, चूक किती आणि कशी? टेबलाला डायल गेज लावला. माझ्या मशीनचं हँडल पाच वेळा फिरवलं की टेबल बरोबर एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर सरकतं. नेहमी एकाच बाजूनं यायचं, नाहीतर स्क्रूमधला ढिला खेळ आकड्यात मिसळतो. दहा वेळा केलं, दहा वेळा २५.४०० आणि परत शून्य. दोष गायब! अशा वेळी माणसाला वाटतं, झालं दुरुस्त. काही दुरुस्त झालेलं नसतं. दोष लपलेला असतो इतकंच.

तिथे मी वाट चुकलो. मला वाटलं, दमट हवेचा प्रताप. इकडच्या गॅरेजमध्ये ऑक्टोबरपासून लोखंडाला घाम फुटतो, तो काचेच्या पट्टीवरही बसत असणार. अर्धा दिवस घालवून पट्टी उघडली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं काच पुसली, रबरी ओठांतला कीस काढला. काच आधीच स्वच्छ होती. म्हाताऱ्यानं मशीन किती निगुतीनं ठेवलं होतं, ते तेव्हा दिसलं, आणि फोनवरचे माझे शब्द टोचायला लागले.

ही पट्टी चालते कशी, ते थोडक्यात सांगतो. स्वयंपाकघरातून दोन सारख्या पिठाच्या चाळण्या घ्या, एकीवर एक ठेवून उजेडात धरा आणि वरची किंचित सरकवा. जाळीची भोकं बारीक, पण त्यातून मोठ्या काळ्या लाटा पळताना दिसतील. चाळणी हलते केसभर, लाट धावते बोटभर. याला म्वारे म्हणतात. लाटांची झाक असलेल्या रेशमाचं हे फ्रेंच नाव. या लाटा बारीक रेघांची परीक्षा करायला वापरता येतील, हे लॉर्ड रॅले यांनी १८७४ मध्येच सुचवलं होतं. पुढे सर थॉमस मर्टन आणि टेडिंग्टनची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी यांच्या कामातून रेघांच्या अशा पट्ट्या स्वस्तात बनायला लागल्या, आणि १९५० च्या दशकात एडिंबरोला फेरांटी कंपनीनं त्या मशीन टूलवर बसवल्या. म्हणजे ज्या पेटीला मी नवी फॅशन म्हणत होतो, तिचं मूळ माझ्या उमेदवारीच्याही आधीचं!

माझ्या पट्टीवर एका मिलिमीटरात ५० रेघा आहेत, म्हणजे दर २० मायक्रॉनला एक. रीडरमध्ये प्रकाशाचे दोन डोळे असतात, एकमेकांपासून पाव रेघेच्या फरकानं. आधी कोणता डोळा मिचकावला, त्यावरून टेबल डावीकडे चाललं की उजवीकडे ते पेटीला कळतं. दोघांच्या मिचकावण्या मिळून प्रत्येक रेघेचे चार भाग पडतात, म्हणून शेवटचा आकडा ५ मायक्रॉननं बदलतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन, यावरून अंदाज यावा.

आता समजा, एका डोळ्याची तार तुटली. दुसरा एकटाच मिचकावत राहतो. पेटीला वाटतं, एक पाऊल पुढे, एक मागे, एक पुढे, एक मागे. कवायतीत जागच्या जागी पाय आपटणाऱ्या पोरासारखा आकडा थरथरतो, पण पुढे जात नाही. टेबल मात्र चाललेलं असतं. तार पुन्हा जुळली की मोजणी सुरू, पण मधल्या रेघा गेल्या त्या गेल्याच.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी उत्तर सापडलं ते सौ.मुळे. संध्याकाळी तिनं ती "रांगोळी" चहाच्या कपाशेजारी ठेवली होती. म्हणाली, "अहो, इकडची अर्धी भोकं बरोबर आहेत की. बिघडली ती फक्त या बाजूची." बघतो तर खरंच! मशीनच्या खांबाकडच्या अर्धवर्तुळातली भोकं जागेवर, आणि माझ्याकडच्या, पुढच्या बाजूची सरकलेली. पुढच्या बाजूला भोक पाडायचं तर टेबल मागे, खांबाकडे न्यावं लागतं. म्हणजे एक्स बिघडत होता तो वाय मागे गेला की! माझी डायल गेजची तपासणी टेबल पुढे ओढून केलेली, कारण तिथे गेज लावायला सोयीचं. दोष कसा सापडणार?

धावत गॅरेजात गेलो. टेबल मागे नेलं, एक्सचं हँडल फिरवलं. शेवटचा आकडा ० आणि ५ मध्ये नुसता थरथरायला लागला. शून्यावर परत आणलं तर एकदा ०.०६०, एकदा ०.३४०, एकदा चक्क १.१४० ची चूक. तिन्ही आकड्यांना ०.०२० नं पूर्ण भाग जातो हे बघा. पट्टीचा स्क्रू ढिला असता तर चूक कशीही आली असती. इथे अख्ख्या रेघा हरवत होत्या. मग टेबल घट्ट आवळलं आणि नुसती केबल हलवली. टेबल जागेवर, पण आकडा थरथरला. चोर सापडला.

आणि चोराचा साथीदार मीच. मशीन गॅरेजच्या दारातून आत येईना म्हणून केबली सोडल्या होत्या. आधी त्या बाजूला मोठा झोल देऊन लोंबत सोडलेल्या होत्या. मला ते गबाळं वाटलं. मी त्या मागून खांबाला प्लास्टिकच्या टायनं चापून चोपून बांधल्या. टेबल मागे आलं की एक्सची केबल गुडघ्यासारखी दुमडायची आणि खांबाशी चेपायची. चार महिन्यांत आतली एक तार तुटली. वरून काही दिसत नव्हतं. मुंबईकर घोटाळ्याला झोल म्हणतात, इथे झोल नव्हता हाच घोटाळा झाला.

दुरुस्ती तासाभराची. पेटीचा मेन्सचा प्लग काढला, केबलचा चेपलेला तुकडा कापून टाकला, रंगाला रंग जुळवून तारा सोल्डर केल्या, प्रत्येकीवर हीट-श्रिंक नळी. बाहेरची जाळीही जोडायची, नाहीतर मोटार सुरू झाली की आकडे उड्या मारतात. प्रत्येक तार मल्टिमीटरनं तपासली आणि केबल पुन्हा झोल देऊन बाजूला सोडली. टेबल चारही कोपऱ्यांत फिरवून आणलं, आकडा शून्यावर परत.

जुन्या मशीनवर असा आकडा चुकला तर क्रम लक्षात ठेवा. आधी प्लग अदलाबदल करा. मग चूक मोजा आणि लिहून ठेवा. टेबल सगळ्या कोपऱ्यांत नेऊन बघा, सोयीच्या जागी नव्हे. केबल हलवून बघा. काच उघडायची ती सगळ्यात शेवटी. आणि बिघडलेला नग फेकू नका, बरेचदा तोच साक्षीदार असतो.

राहिला फोन. तो लावायला मल्टिमीटरपेक्षा जास्त धीर लागला. नुसत्या फोनवर माफी मागणं बरं दिसेना, म्हणून नव्या चकतीतली शेव डब्यात घालून आम्ही दोघं वृद्धाश्रमात गेलो. मी चूक कबूल केली. गृहस्थ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की त्यांनीही पहिल्या वर्षी केबल तशीच बांधली होती आणि तशीच तोडली होती. म्हणूनच झोलाचं विचारलं. चकती त्यांना दाखवायला नेली होती. त्यांनी चष्मा काढून ठेवला, भोकांवरून अंगठा फिरवत बारा मोजली आणि परत दिली. शेव तिखट लागली, पण डबा रिकामा केला. आता दर महिन्याला आमची एक फेरी असते. त्यांना मशीनची खबर हवी असते, आणि मला विचारायला अजून बरंच आहे.

पुढच्या अंकात सेंट्रल हीटिंगच्या पंपाचा आवाज. तुमच्याकडचे आवाज कळवा, शक्य तर मिस्त्री येऊन जायच्या आधी.